बेणारे, मंजुळा, विद्या, लक्ष्मी की सिंधू? एकपात्रीसाठी निवड करताना

एकपात्री स्पर्धेची किंवा नाट्यशिक्षणाच्या प्रवेशपरीक्षेची तारीख जाहीर झाली की मुलींची शोधाशोध सुरू होते: स्वगत कोणतं घ्यायचं? फिरून फिरून दोनच नावं पुढे येतात. 'शांतता! कोर्ट चालू आहे'मधली लीला बेणारे आणि 'ती फुलराणी'मधली मंजुळा. दोघीही मराठी रंगभूमीवरच्या अव्वल बायका, त्यामुळे निवडीला नावं ठेवायला जागा नाही. पण त्यांच्या शेजारी आणखी काही जणी आहेत, आणि तुमच्या वयाला, आवाजाला, स्वभावाला त्यांच्यातली एखादी जास्त जवळची असू शकते. या सगळ्या बायकांवर माझा फार जीव आहे. त्या घाईघाईने निवडल्या जातात आणि मग स्पर्धेत सगळ्या एकसारख्या ऐकू येतात, याचं वाईट वाटतं.

उतारा शोधताना दोन गोष्टी हमखास बघितल्या जातात: रडायला-ओरडायला वाव किती, आणि दिलेल्या मिनिटांत बसतो का. मी आधी तिसरी गोष्ट बघायला सांगते. ही बाई बोलते कोणाशी? एकपात्रीत रंगमंचावर तुम्ही एकट्या असता, पण ती बाई एकटी असेलच असं नाही. ऐकणारा कोण आहे, तो समोर आहे की मनात, त्याच्यापासून तिला काय लपवायचंय, यावर तिचा आवाज, नजर, श्वास सगळं ठरतं. या बायका आपल्याला वर्षानुवर्षं सोडत का नाहीत, याचं उत्तरही मला तिथेच सापडतं.

बेणारेपासून सुरुवात करू. विजय तेंडुलकरांचं हे नाटक 'रंगायन' या नाट्यसंस्थेने 1967 साली रंगमंचावर आणलं. दिग्दर्शन अरविंद देशपांडे यांचं आणि बेणारेच्या भूमिकेत सुलभा देशपांडे. एका हौशी संस्थेची मंडळी अभिरूप न्यायालयाचा प्रयोग करायला एका गावात येतात. प्रयोगाला अवकाश असतो, म्हणून नुसता खेळ म्हणून एक खटला उभा करतात. आरोपी बेणारे, आरोप भ्रूणहत्येचा. बघता बघता खेळाचा फास होतो. तिचं खासगी आयुष्य साक्षीदारांच्या तोंडून चव्हाट्यावर येतं. तिच्या गरोदरपणाला जो जबाबदार आहे तो प्रोफेसर दामले त्या दिवशी आलेलाच नसतो. शेवटी न्यायाधीश झालेले काशीकर आरोपीला बोलण्यासाठी दहा सेकंद देतात. बाकीचे जागच्या जागी गोठतात आणि बेणारे बोलू लागते.

आता बघा, हे स्वगत त्या खोलीत कोणीही ऐकत नाही. नाटकाच्या हिशेबाने ती दहा सेकंद गप्पच आहे; आपल्याला ऐकू येतं ते तिच्या आतलं. तरीही स्पर्धांमधली बेणारे बोट रोखून समोरच्या कोर्टावर तुटून पडताना दिसते. तिला बाजू मांडायची असती तर तिने ती मोठ्याने मांडली असती, आणि वकील झालेल्या सुखात्म्यांनी दोन वाक्यांत हाणून पाडली असती. ती जगण्याविषयी काहीतरी सांगू लागते, मध्येच शाळेतल्या मुलांवर येते, मग कोवळ्या वयात मामाने जे केलं त्याच्यावर, मग ज्याच्या बुद्धीची तिने पूजा केली त्या दुसऱ्या पुरुषावर. शरीराचा तिला संताप आहे आणि त्याच शरीरावर तिचं प्रेमही आहे. दोन्ही ती एका दमात सांगते. आणि येऊन थांबते पोटातल्या मुलापाशी. एवढी वळणं घेताना प्रत्येक वळणावर आवाज चढवला तर तिसऱ्या वळणापर्यंत सगळं एकाच पट्टीत जातं.

मला बेणारे थोर वाटते ती त्या स्वगताच्या कितीतरी आधी. नाटकाच्या सुरुवातीला ती सामंत नावाच्या भोळ्या गावकऱ्याबरोबर सगळ्यांच्या आधी हॉलवर पोचते. कडीत बोट सापडतं, त्याचंही हसू करते. शाळेबद्दल, मुलांबद्दल, बरोबरच्या मंडळींबद्दल भरभरून बोलते, गुणगुणते, नकला करते. हा सगळा उत्साह कशावर पांघरूण घालतोय हे प्रेक्षकाला तेव्हा माहीत नसतं. तिला मात्र माहीत असतं. विशी-बाविशीच्या मुलीने बेणारे करायचीच असेल तर मी हा भाग बसवायला सांगेन. सामंताच्या वाक्यांच्या जागा सोडून तो सहज एकटीचा करता येतो, आणि हसत्या चेहऱ्यामागे एक धाकधूक शेवटपर्यंत जिवंत ठेवणं हे त्या गाजलेल्या स्वगतापेक्षा सोपं अजिबात नाही. ज्या परीक्षकांनी ते स्वगत पाठ होईपर्यंत ऐकलंय, ते या बेणारेकडे मान वर करून बघतील.

मंजुळाचं गणित वेगळं. पु. ल. देशपांडे यांनी बर्नार्ड शॉच्या 'पिग्मॅलियन'वरून केलेलं हे नाटक 1975 साली आलं आणि भक्ती बर्वे यांनी मंजुळा अशी काही उभी केली की पुढच्या प्रत्येकीला त्या सावलीतून वाट काढावी लागली. सुकन्या कुलकर्णी, अमृता सुभाष यांनी ती आपापल्या परीने काढली. 'तुला शिकवीन चांगलाच धडा' हे तिचं स्वगत तिला शुद्ध बोलायला शिकवणाऱ्या मास्तरला उद्देशून आहे, आणि मास्तर तिथे नाही. तो नाही म्हणूनच ती बोलू शकते. दिवसभर उच्चार घोटून घोटून जीव नकोसा झालेली फुलं विकणारी पोरगी मनातल्या मनात मास्तरला गुडघ्यावर आणते. त्यात राग आहे, स्वप्न आहे आणि मास्तरबद्दलची ओढही आहे, जी तिला स्वतःलाही अजून धड कळलेली नाही. ही ओढ सुटली की नुसती खट्याळ नक्कल उरते.

बेणारेशी तुलना केली तर मंजुळा प्रेक्षकाला लगेच आपलंसं करते. लेखनाला अंगचीच लय आहे, टाळ्यांच्या जागा ठरलेल्या आहेत, वयही तुमच्या जवळचं. पण बोली कानात हवी. शहरी घरात वाढलेल्या मुली मंजुळाची बोली 'ण'चा 'न' करून भागवतात, ते लगेच उघडं पडतं. बाजारात बसणाऱ्या बायका वाक्य कुठे तोडतात, शेवट कसा ओढतात, गिऱ्हाईक नसताना आवाज कसा खाली येतो, हे ऐकल्याशिवाय तिला हात लावू नका. आणखी एक: भक्ती बर्वे यांचं ध्वनिचित्रमुद्रण समोर ठेवून तालीम करू नका. त्यांचे श्वास तुमच्या छातीत बसत नाहीत.

तिशीच्या आसपासच्या बायकांसाठी मी डोळे मिटून सुचवते ती 'चारचौघी'मधली विद्या. प्रशांत दळवी यांचं हे नाटक चंद्रकांत कुलकर्णी यांनी 1991 साली दिग्दर्शित केलं, तेव्हा विद्या वंदना गुप्ते यांनी केली. 2022 साली ते पुन्हा आलं तेव्हा मुक्ता बर्वे यांनी. नवऱ्याचं दुसरीकडे काहीतरी आहे हे कळून माहेरी आलेली विद्या त्याच्याशी फोनवर बोलते. दीर्घ, सलग, एकतर्फी ऐकू येणारं संभाषण. ऐकणारा खरा आहे, तो उत्तरं देतोय, पण प्रेक्षकाला ती ऐकू येत नाहीत. एकपात्रीसाठी याहून चोख रचना मला मराठीत माहीत नाही, कारण इथे समोर माणूस नसल्याचं निमित्त शोधावंच लागत नाही.

कसोटी असते ती गप्प बसण्याची. पलीकडचा काय म्हणाला हे तुम्ही शब्दन् शब्द लिहून काढलं नाही तर तुमची प्रत्येक शांतता एकाच लांबीची होते, आणि प्रेक्षकाला तारेच्या दुसऱ्या टोकाला कोणीच नाही हे समजतं. त्याची वाक्यं लिहा, मैत्रिणीला वाचायला लावा, तिच्यासमोर आठवडाभर तालीम करा, मग ती काढून टाका. फोन मोबाइल करण्याचा मोहही टाळा. जुन्या फोनची वायर बाईला एका जागी बांधून ठेवते. उठून चालू लागावंसं वाटलं तरी रिसीव्हर सोडता येत नाही, आणि सोडला की बोलणं संपतं. विद्या शिकलेली, तर्काने बोलणारी, आवाजावर ताबा असलेली बाई आहे. तिचा बांध फुटतो त्यापेक्षा ती तो फुटू देत नाही तेव्हा जास्त बघवत नाही. बेणारेच्या स्वगतात आतलं सगळं बाहेर येतं. विद्या बोलत असतानाही निम्मं आत ठेवते.

आणि आता माझी सगळ्यांत लाडकी, जी जवळपास कोणी घेत नाही. 'सखाराम बाइंडर'मधली लक्ष्मी. तेंडुलकरांचं हे 1972 सालचं नाटक म्हटलं की लोकांना आठवते ती सखारामच्या घरात लक्ष्मीनंतर आलेली चंपा, लालन सारंग यांनी केलेली, सेन्सॉरशी झालेल्या झगड्यासकट. चंपा आहेच तशी दणदणीत. पण तिच्या मोठ्या जागांना दारूची झिंग लागते, आणि कमी अनुभवाच्या नटीकडून ती हमखास जास्त होते. लक्ष्मीला काहीच लागत नाही. नवऱ्याने टाकलेली, देवभोळी, आखडून वावरणारी ही बाई टाकलेल्या बायकांना घरात ठेवून घेणाऱ्या सखारामकडे राबते, मार खाते. आणि एका प्रवेशात स्वयंपाकघरात एकटी असताना मुंगळ्याशी बोलते. त्याला खायला देते, लाडाने दटावते, खुदकन हसते. बाहेर सखारामला ते ऐकू येतं आणि त्याला संशय येतो, आत आहे तरी कोण?

घरातल्या माणसाशी जिने कधी असा सूर लावला नाही, ती एका किड्याशी लावते. त्या दोन-तीन मिनिटांत तिचं न झालेलं बाळंतपण, न मिळालेला संसार, सगळा कोंडलेला लडिवाळपणा दिसतो आणि ती स्वतः त्यातलं एक अक्षरही बोलत नाही. पण लक्ष्मीला गरीब गाय समजून उभी केलीत तर नाटकच कळलं नाही. हीच बाई शेवटी चंपाचं गुपित सखारामला सांगते, सखाराम चंपाचा गळा दाबतो, आणि सखाराम थिजून बसलेला असताना प्रेत पुरायची तयारी लक्ष्मी करते. मुंगळ्याला जपणारे हात आणि ते हात एकच. प्रवेश करताना शेवट दाखवायचा नाही, पण तो माहीत असला पाहिजे. मग मुंगळ्याला दटावताना आवाजात एखादी धार आपोआप येते.

अडचण एकच. हा प्रवेश छोटा आहे आणि शब्द थोडे. वेळ भरायला म्हणून त्यात कोणी रडण्याची भर घातली तर गेलाच. ज्या स्पर्धेत परीक्षक पहिल्या रांगेत, जवळ बसलेले असतात तिथे तो जमतो. हजारभर खुर्च्यांच्या नाट्यगृहात मुंगळा कोणालाच दिसणार नाही. तिथे मंजुळा किंवा विद्या.

सिंधूबद्दल थोडक्यात, कारण तिला निवडणाऱ्या कमी आणि निवडावी अशी परिस्थितीही कमी. 'एकच प्याला' राम गणेश गडकरी यांच्या मृत्यूनंतर 1919 साली गंधर्व नाटक मंडळीने रंगमंचावर आणलं, सिंधू बालगंधर्वांनी केली. आजच्या मुलीला तिची पतिनिष्ठा खटकते, आणि खटकू द्यावी. पण तिला नुसती सोसणारी म्हणून बघू नका. माहेर सधन, भाऊ न्यायला तयार, आणि ही दारुड्या नवऱ्याला सोडून जायला नाही म्हणते, दळणं दळून पोट भरते. हा हट्ट आहे, ठाम आणि स्वतःच्या हिशेबाने घेतलेला. त्या हट्टावर सिंधू उभी केली तर ती आजही अंगावर येते. अश्रूंवर केली तर जुनाट वाटते. गडकऱ्यांचं गद्य तोंडात बसायला वेळ लागतो, आणि गाता गळा असेल तर तिच्याकडे जाण्याचं आणखी एक कारण मिळतं.

मग नक्की कोण? प्रवेशपरीक्षेला बसणाऱ्या मुलीला मी लक्ष्मी देईन. तिथे तुमची तयारी किती झाली यापेक्षा तुम्ही किती बारीक बघता हे तपासलं जातं. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा, भरलेलं सभागृह, मागून शिट्ट्या, तर मंजुळा. नोकरी-संसार सांभाळून हौशी रंगभूमी करणाऱ्या बाईला विद्या. तिच्याकडे त्या फोनसाठी लागणारा ऐवज आधीच असतो. बेणारेचं शेवटचं स्वगत मात्र वर्ष-दोन वर्षं जवळ ठेवा, वाचत राहा, आणि आवाज न चढवता ते पूर्ण म्हणता यायला लागलं की मग स्पर्धेत न्या. तोवर सामंताबरोबरचा सुरुवातीचा भाग आहेच.

कागदपत्रांचंही बघून ठेवा. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षं कॉपीराइटचे हक्क राहतात. पु. ल. 2000 साली गेले, तेंडुलकर 2008 साली, म्हणजे त्यांची नाटकं अजून हक्काखाली आहेत, 'चारचौघी' तर आहेच. आयोजक लेखकाचं किंवा त्याच्या वारसांचं संमतीपत्र मागत असतील तर अर्ज आधी करा. गडकरी 1919 सालीच गेले, त्यामुळे सिंधूसाठी कोणाची परवानगी लागत नाही.