एमजी बी ट्रॅकवर न्यायची: लिव्हर आर्म ठेवू का कॉइलओव्हर टाकू?

आधी एक ठरव भावा, गाडी ट्रॅकवर ट्रेलरवर लादून जाणार का स्वतःच्या चाकांवर? लोक कुठलं किट, किती पौंडाची स्प्रिंग यावर तासतास बोलतात आणि हे कोण विचारतच नाही. माझी एमजी बी, म्हणजे जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार, रोडस्टर (उघड्या टपाची) १९६६ ची, क्रोम बंपरवाली, ती रविवारी पन्हाळ्याला पण जाते आणि वर्षातनं दोनतीनदा हुपरीजवळच्या ट्रॅकवर पण. मित्राकडं तसलीच दुसरी आहे, त्यानं कॉइलओव्हर (शॉकअपवरच स्प्रिंग चढवलेला संच) टाकलेत, आणि आम्ही दोघांनी दोन्ही गाड्या आलटून पालटून पळवल्यात, म्हणून बोलतोय.

१९६२ ला गाडी आली तेव्हापासनं पुढं कॉइल स्प्रिंग, मागं सरळ ॲक्सल आणि कमान पाटे, आणि शॉकअप म्हणशील तर चारी बाजूला लिव्हर आर्म. म्हणजे तेल भरलेली ओतीव डबी, तिच्यातनं एक दांडा बाहेर, दांडा हलला की आतला पिस्टन तेल व्हॉल्व्हमधनं ढकलतो, बास. पुढं गंमत अशी की हाच दांडा वरचा विशबोन (चाक गाडीला धरून ठेवणारा हात) म्हणून पण काम करतो, त्यामुळं त्याची शाफ्ट आतनं झिजली की नुसतं तेल गळत नाही, वळणावर चाकाचा कॅम्बर (उभं चाक आतबाहेर किती कलतं ते) पण हलायला लागतो आणि आपण बसतो टायरला शिव्या देत.

हसू नको, याच पाट्यांवर आणि लिव्हर आर्मवर एमजी बी १९६३ ला ल माँच्या २४ तासांत बारावी आलीय, ते पण वाळूत रुतून तासापेक्षा जास्त वेळ उकरत बसून.

पण लिव्हर आर्मची खरी अडचण उष्णता. डबी लहान, तेल थोडं, सलग जोरात लॅप मारले की तेल तापून पातळ होतं आणि डॅम्पिंग, म्हणजे उसळी दाबायची ताकद, जातं. मी पहिल्या वर्षी शहाणपणा केला, व्हॉल्व्हला हात न लावता नुसतं जाड तेल घातलं, पहिले दोन लॅप गाडी अशी ताठ की वाटलं जिंकलो, आणि चौथ्या लॅपला बोट पाण्यात डुलते तशी डुलायला लागली. मग चारी रिबिल्ड केले, व्हॉल्व्ह कडक केले, शाफ्टचे बुश कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवर करून घेतले, आणि पंधरा मिनिटांच्या सेशनला आता काय तक्रार नाही. सलग अर्धा तास पळवणार असशील तर मात्र कॉइलओव्हरच, तिथं वाद नाही.

मित्राच्या गाडीत पुढं नवीन वरचा विशबोन आहे, कॅम्बर फिरवता येतो, उंची फिरवता येते, डॅम्पिंगला क्लिक आहेत, आणि ड्रायव्हर बसवून चारी चाकांवरचं वजन काट्यावर जुळवता येतं, जे पाट्यांवर जवळपास अशक्य. गाडी वळणात शिरते तेव्हाचा नेमकेपणा, विषय हार्ड! पण एवढे स्क्रू फिरवायचे म्हटल्यावर वही लागते, एका वेळी एकच गोष्ट बदलायची शिस्त लागते, आणि आमचा गडी तीन क्लिक पुढं, दोन मागं, उंची पण कमी, सगळं एकदम करून मोकळा, मग आधी बरी होती असं म्हणत महिना काढला. शिवाय ब्रॅकेट तुटलं तर आपल्या गावात कोण पण करून देईल, पण डॅम्परचं सील गेलं की पार्सल इंग्लंडला. पैशाचं बोलायचं तर माझं रिबिल्ड, बुश, अँटी रोल बार (वळणावर गाडीचं झुकणं कमी करणारी दांडी) सगळं मिळून त्याच्या नुसत्या पुढच्या किटपेक्षा कमीत झालं.

मधला रस्ता पण विकतात, टेलिस्कोपिक कन्व्हर्जन, म्हणजे लिव्हरच्या जागी नळीसारखे शॉकअप. मागं ठीक आहे. पुढं मात्र बऱ्याच किटमध्ये जुनी लिव्हरची डबी व्हॉल्व्ह काढून नुसता विशबोन म्हणून तशीच ठेवतात, म्हणजे शाफ्ट झिजलेली असेल तर रोग तसाच आणि वर नवीन शॉकअपचा खर्च. मला नाही पटत.

आता खरा फरक कुठं पडतो बघ. कारखान्यातनं पुढचा कॅम्बर साधारण १ अंश पॉझिटिव्ह (चाकाचं डोकं बाहेर) येतो, ट्रॅकसाठी अगदी उलटं, आणि तो ॲडजस्ट करायची सोय मूळ गाडीत नाहीच. वरच्या बाजूला ऑफसेट ट्रनियन बुश (वरच्या जोडातला, भोक बाजूला सरकवलेला बुश) किंवा खाली लांब विशबोन टाकून थोडा निगेटिव्हकडं आणायचा, लिव्हर आर्म ठेवून पण हे जमतं. त्यानंतर अँटी रोल बार. ९/१६ इंचाचा काढून ३/४ चा टाकला की व्यास वाढतो सव्वापटीच्या थोडा वर, पण ताठरपणा चौथ्या घातानं वाढतो म्हणून तिपटीच्या वर जातो, एवढ्या पैशात एवढा फरक दुसरा कुठलाच पार्ट देत नाही. स्प्रिंग रोडस्टरला इंचाला ३४८ पौंडाची असते (म्हणजे एक इंच दबायला ३४८ पौंड), जीटीला, म्हणजे पक्क्या टपाच्या बी ला, ४८०, त्या ४८० च्या आसपास जा, पुढं नको. खालच्या विशबोनला जीटी व्ही८ चे बुश घाल, कडक प्लॅस्टिकवाल्यांपेक्षा मला तेच आवडतात, कुरकुरत नाहीत.

आणि गाडी खाली घ्यायची हौस इंचाच्या आत ठेव. फार खाली घेतली की खालचे विशबोन आडव्याच्या पलीकडं जातात, पुढचा रोल सेंटर (गाडी ज्या बिंदूभोवती झुकते तो) वजनाच्या केंद्रापेक्षा जास्त खाली घसरतो आणि गाडी उलट जास्त झुकायला बघते, बंप स्टॉपवर (चाक वर येताना अडवणाऱ्या रबरावर) आपटते ते वेगळंच. मागं ब्लॉक घालून मी हे पण करून बघितलंय, एका गावच्या स्पीडब्रेकरवर सायलेन्सर सोडून आलो. कमान पाटेवाल्याकडनं पाट्यांची कमान कमी करून घेणं बरं, पण पॉवर देताना ॲक्सल थडथडतो तो त्यानं जाणार नाही, त्याला अँटी ट्रॅम्प बारच लागतात.

तर तुझी गाडी रस्त्यावरनं जाऊन रस्त्यावरनंच परत येणार असेल तर लिव्हर आर्म नीट रिबिल्ड कर आणि उरलेले पैसे टायरला घाल, हुपरीसारख्या छोट्या आणि वळणांच्या ट्रॅकवर मी मित्राच्या मागं फार नसतो. कोइम्बतूरचा २.१ किलोमीटरचा करी ट्रॅक किंवा चेन्नईजवळचा ३.७ चा, तिकडं ट्रेलरवर नेऊन दिवसभर पळवणार असशील तर कॉइलओव्हर घे, आणि वही पण घे.

काही पण घे, पण ऑर्डरच्या आधी पुढचं चाक जॅकवर उचल, वरखाली धरून हलव. टकटक आली तर बहुतेक किंगपिन (पुढचं चाक ज्यावर वळतं ती पिन) गेलेत, आधी ते कर.