एसिटालोप्रामच्या तीन पट्ट्या

चिंताविकारासाठी एसिटालोप्रामची १० मिलिग्रॅमची गोळी मी चार वर्षांपासून घेत आहे, आणि या काळात तीन उत्पादकांच्या गोळ्या वापरून झाल्या आहेत. पहिली एका नामांकित कंपनीची होती, दुसरी दुकानदाराने ‘सॉल्ट (म्हणजे मूळ औषधी घटक) तेच आहे’ म्हणत परस्पर हातात ठेवली (चिठ्ठीवर दिलेले औषध असे बदलून देण्यास नियमांची परवानगी नाही, हे मला नंतर कळले), आणि तिसरी जनऔषधी केंद्रातील असून तिची किंमत पहिलीच्या चौथ्या हिश्शाच्या आसपास पडते.

ब्रँडेड सोडून जेनेरिक, म्हणजे मूळ कंपनीखेरीज इतरांनी बनवलेले तेच औषध, घ्यावे का, असा प्रश्न नेहमी विचारला जातो. पण आपल्याकडे तो जरा फसवा आहे. हे औषध डेन्मार्कच्या लुंडबेक कंपनीने विकसित केले, त्यामुळे दुसऱ्या कंपनीची जी महाग गोळी मी ‘ओरिजिनल’ समजत होतो तीही जेनेरिकच होती. तिला फक्त स्वतःचे नाव होते.

दुसऱ्या गोळीवर गेल्यावर पहिले दहा दिवस पहाटे तीनला जाग येणे आणि तळहातांना घाम सुटणे पुन्हा सुरू झाले. डॉक्टरांनी औषध न बदलता रोजची नोंद ठेवायला सांगितले. या औषधाचे रक्तातील प्रमाण निम्म्यावर यायला साधारण तीस तास लागतात, त्यामुळे गोळीतील किरकोळ फरकाने एका दिवसात घाम फुटणे अवघडच. चौथ्या आठवड्यापर्यंत नोंदी पूर्वीसारख्या झाल्या. गोळीचा रंग आणि आकार बदलल्याचे मला पहिल्याच दिवशी दिसले होते, आणि तो घाम बहुधा त्या संशयाचाच होता. जनऔषधीच्या गोळीवर जाताना मनाची तयारी होती, तेव्हा काहीच जाणवले नाही. दुसऱ्या गोळीची एक तक्रार मात्र खरी आहे: तिला मध्ये खाच नसल्यामुळे मात्रा कमी करताना तिचे नीट दोन भाग होत नव्हते.

दोन गोळ्या समतुल्य ठरवताना औषध रक्तात किती आणि किती वेगाने उतरते हे मोजतात, आणि दोन्हींच्या मापांच्या गुणोत्तराचा ९० टक्के विश्वासमर्यादेचा पट्टा (चाचणीतील अनिश्चितता धरून खरे गुणोत्तर ज्या टप्प्यात असू शकते तो) ८० ते १२५ टक्क्यांच्या आत बसावा लागतो. याचा अर्थ गोळीत वीस टक्के औषध कमी चालते असा नाही. अमेरिकेत १९९६ ते २००७ मधील २,०७० अभ्यास तपासले असता शोषणातील सरासरी फरक साडेतीन टक्क्यांच्या आसपास निघाला. भारतात मात्र जेनेरिकसाठी ही चाचणी २०१७ मध्ये सक्तीची झाली, तीही मुख्यतः पाण्यात कमी विरघळणाऱ्या औषधांसाठी. त्यामुळे जुन्या गोळ्यांपैकी अनेकींची अशी तपासणी झालेली असेलच, असे धरून चालता येत नाही. माझे समाधान त्यामुळे एसिटालोप्रामपुरतेच आहे. सावकाश औषध सोडणाऱ्या गोळ्यांबाबत मी इतका निर्धास्त राहणार नाही, कारण अमेरिकेत बुप्रोपिऑन या नैराश्यावरील औषधाची ३०० मिलिग्रॅमची एक जेनेरिक गोळी मूळ गोळीशी समतुल्य नसल्याचे २०१२ मध्ये तेथील नियामकांनीच मान्य केले, आणि तिला मंजुरी देताना चाचणी झाली होती ती १५० मिलिग्रॅमच्या गोळीची. क्लोनाझेपामसारख्या सवय लावणाऱ्या औषधाची कंपनी तर मी डॉक्टरांना विचारल्याशिवाय बदलणार नाही.

सध्या मी जनऔषधीचीच गोळी घेतो आणि महागड्या गोळीकडे परत जाण्याचे कारण मला दिसत नाही. या केंद्रांसाठी औषधे निविदा काढून वेगवेगळ्या कारखान्यांकडून घेतली जातात, म्हणून पट्टीमागच्या बारीक अक्षरांतले उत्पादकाचे नाव मी दर वेळी वाचतो आणि शक्य असेल तर दोन महिन्यांच्या पट्ट्या एकाच बॅचच्या मागून घेतो.