अख्खे हिरवे मूग, 1 किलोचं पाकीट: माल बरा, पाकिटावरच्या गप्पाच जास्त

बाबांना टायफॉईड झालेला, ताप उतरला पण तोंडाला चव नाही, पोटात काही टिकेना, डॉक्टर म्हणाले थोडे दिवस हलकंच द्या, झालं, आईने धोशा लावला मुगाचं कढण कर म्हणून. घरातल्या मुगाला कीड लागलेली, मग हे पाकीट ऑनलाईन मागवलं. कंपनीचं नाव लिहीत नाही, उगाच वाद नको.

दाणे एकसारखे, खडा एकही नाही, धुताना पाण्याला हिरवा रंग उतरतो का मुद्दाम बघितलं, नाही उतरला. अर्धी वाटी मूग कोरडेच खरपूस भाजले, पाच वाट्या पाणी घालून कुकरला चार शिट्ट्या, मग रवीने घोटून गाळलं, वरून तुपात जिरं, चिमूटभर सुंठ आणि सैंधव. भाजताना असा वास सुटला की बाबा आतल्या खोलीतून ओरडले, आज काय करतेयस गं? त्या आठवड्यात पहिल्यांदा वाटी रिकामी परत आली. चरकसंहितेत शेंगांच्या धान्यांत मूग सगळ्यात पथ्याचे म्हटलेत, आमच्याकडे तरी पटलं बुवा.

मोड मात्र डोकं फिरवतात. रात्रभर भिजवून फडक्यात बांधले, मोड छान आले, पण मधेमधे गणंग! शिजवूनही गोटीसारखे, उसळीतला एक माझ्या दाढेखाली आला आणि डोळ्यांपुढे काजवे चमकले. वाटीमागे आठ-दहा निघतात, त्यामुळे मोड आले की ताटात पसरून निवडूनच घ्या.

आणि पाकिटावर काय लिहिलंय तर म्हणे "शुगर मुळापासून घालवा". अहो, बाबांची शुगर दहा वर्षांची आहे! मुगात फायबर भरपूर, म्हणून नुसत्या भातासारखी साखर झपकन चढत नाही हे खरं, पण म्हणून गोळी बंद करायची का? 24 ग्रॅम प्रोटीन छापलंय ते 100 ग्रॅम कोरड्या मुगाचं, शिजले की पाणी पिऊन फुगतात, तेवढ्याच वजनात जेमतेम 7 उरतं. भाताबरोबर खाल्लं तर बरं, एकात जे अमिनो आम्ल कमी ते दुसऱ्यात असतं, खिचडी काय उगाच नाही. किडनीचा त्रास असेल तर आधी डॉक्टरला विचारा, पोटॅशियम बरंच असतं.

मागच्या बाजूला रोज कच्चे मोड खा असंही छापलंय. ओलं, उबदार फडकं म्हणजे जंतूंचीपण चंगळ, साल्मोनेला असल्या मोडांतूनच पोटात जातो, आजारी माणसाला, म्हाताऱ्यांना, गरोदर बाईला तर कच्चे नकोच, नीट वाफवून द्या. आमच्याकडे कच्चे बंद.

तीन स्टार देतेय, त्यातला अर्धा तरी कढणाचा. वाण्याकडच्या सुट्या मुगापेक्षा 40 रुपये महाग पडले. बाबा आता कढणाला नाक मुरडतात, लसूण-मिरची वाटून धिरडी कर म्हणतात, त्यासाठी उरलेले भिजत घातलेत.