ग्रेटफुल डेड: आधी अल्बम की मैफल?

ग्रेटफुल डेड हा अमेरिकन रॉक बँड ऐकायला कुठून सुरुवात करावी? १९७०चा ‘अमेरिकन ब्यूटी’ हा अल्बम सोपा आहे. सुटसुटीत गाणी, एकमेकांत मिसळणारे आवाज, पाऊण तासाच्या आत सगळं संपतं. पण बँडचा खरा स्वभाव त्यात सापडत नाही, तो मैफलीत. ‘डार्क स्टार’ हे गाणं १९६८च्या तबकडीवर तीन मिनिटांचंही नाही. १९६९च्या ‘लाइव्ह/डेड’ या मैफलींच्या अल्बमवर तेच २३ मिनिटं रंगतं. ख्याल ऐकणाऱ्यांना यात नवल नाही: बंदिश छोटी, विस्तार मोठा. (ड्रमर मिकी हार्ट तर उस्ताद अल्लारखाँकडे शिकलेला!) मात्र पहिल्याच दिवशी ‘डार्क स्टार’ नको, कंटाळून पळाल. ८ मे १९७७ची कॉर्नेल विद्यापीठातली मैफल लावा. ठेका पक्का, ध्वनिमुद्रण स्वच्छ. मी तरी अल्बमआधी हीच सुचवेन.