बगॅस बोर्डाचं कपाट, दीड वर्ष वापरल्यावर

पोरीच्या पुस्तकांसाठी बगॅस बोर्डाचं कपाट करून घेतलं, बगॅस म्हणजे रस काढून उरलेलं उसाचं चिपाड, त्यातला मऊ गर वेगळा काढतात, धागे वाळवून रेझिन (गोंदासारखं चिकटवणारं रसायन) लावतात आणि गरम प्रेसमध्ये दाबतात. आमच्या गावाकडं चिपाडाचे डोंगर बघत मोठा झालो, त्यामुळे घरात ते कपाट बघून खरंच भारी वाटतं. पुस्तकांच्या दोन रांगा असूनही फळी वाकलेली नाही. पण सुताराने खालच्या कडेला एजबँड, म्हणजे कड झाकणारी पट्टी, लावलाच नाही, फरशी पुसताना पाणी लागून लागून ती कड बिस्किटासारखी फुगली, बोट फिरवलं की भुसा निघतो. सिंकखाली अजिबात वापरू नका, आणि घेताना ई१ ग्रेड मागा, त्यात रेझिनमधून फॉर्मल्डिहाइड हा घातक वायू कमी सुटतो.