पिकअप ट्रकचा हीटर कोर: स्वतः बदलावा की गॅरेजला द्यावा?

हीटर कोर म्हणजे डॅशबोर्डच्या पोटात दडवलेला, वहीएवढा रेडिएटर. इंजिन थंड ठेवणारं द्रव, म्हणजे कूलंट, गरम होऊन त्यातून फिरतं, पंखा त्यावरून हवा ढकलतो आणि अमेरिकेतल्या मिशिगन-मिनेसोटाच्या थंडीत स्टिअरिंगवरची बोटं शाबूत राहतात. पार्ट साधारण ५० ते १५० डॉलरला मिळतो. गॅरेजवाला मात्र सहज हजाराच्या पुढचा आकडा सांगतो, कारण पैसे पार्टचे नसतातच, तिथवर हात पोचवण्याचे असतात.

आधी खात्री करा की कोरच गेला आहे. गाडीत गोडसर वास, काचेवर आतून तेलकट धुकं आणि शेजारच्या सीटपुढचा गालिचा ओला असेल, तर कोर गळतोय. नुसती गार हवा येत असेल तर थर्मोस्टॅट (कूलंटचा प्रवाह तापमानानुसार उघडणारा-बंद करणारा झडप), कमी झालेलं कूलंट किंवा तुंबलेला कोर, काहीही असू शकतं. तुंबलेला कोर बागेच्या नळीने, कमी दाबाने, उलट्या दिशेने धुतला की बऱ्याचदा सुटतो. त्यासाठी डॅशबोर्डला हात लावायची गरज नाही.

कोर गळतोय हे पक्कं झाल्यावर बहुतेकजण स्वतःला विचारतात, ‘मला जमेल का?’ माझ्या मते हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न तुमच्या ट्रकला विचारा: डॅशबोर्ड काढावा लागतो का, आणि एसीची लाइन उघडावी लागते का?

१९८७ ते १९९६ मधली फोर्ड एफ-१५० असेल तर दोन्हींचं उत्तर ‘नाही’. ग्लोव्ह बॉक्स काढा, मागच्या झाकणाचे स्क्रू सोडवा, इंजिनच्या बाजूने दोन होज पाइप सुटे करा, की कोर हातात. जुने पाइप हट्टी निघाले तरी दुपारच्या आत काम होतं. यासाठी गॅरेजला पैसे देणं मला पटत नाही.

१९९४ ते २००१ ची डॉज राम मात्र वेगळंच प्रकरण आहे. तिथे डॅशबोर्ड मागे ओढावा लागतो आणि हीटरचा अख्खा डबा बाहेर येतो. त्याच डब्यात एसीचा इव्हॅपोरेटर, म्हणजे हवा गार करणारी जाळी, असल्यामुळे एसीची लाइन सोडावीच लागते. त्यातला गॅस हवेत सोडून देणं अमेरिकेत बेकायदेशीर आहे. तो मशिनने काढून घ्यावा लागतो, आणि ते मशिन कुणाच्या घरी नसतं.

आता पैशांचं. समजा बुक टाइम (दुरुस्तीच्या तक्त्यात त्या कामासाठी ठरवलेला वेळ) आठ तास आहे आणि गॅरेजचा दर तासाला १५० डॉलर. म्हणजे नुसती मजुरी १,२०० डॉलर. स्वतः केलंत तर ही वाचते, पण सगळी नाही. कूलंट, ओ-रिंग, क्लॅम्प, एसीचा गॅस काढणं-भरणं आणि घरात नसलेली दोन-चार हत्यारं यांचा खर्च त्यातून वजा करा. शिवाय व्यावसायिक माणसाला आठ तास लागतात तिथे पहिल्यांदा करणाऱ्याला अख्खा शनिवार-रविवार पुरेलच असं नाही. सोमवारी कामावर जायला घरात दुसरी गाडी आहे का? आणि काम करायचं कुठे? बऱ्याच अपार्टमेंटांच्या पार्किंगमध्ये गाडी खोलायला परवानगी नसते. उघड्यावर जानेवारीत हे काम काढू नका. गारठलेल्या प्लॅस्टिकच्या क्लिपा हात लावताच तुटतात.

खरा फरक गॅरंटीत आहे. चांगलं गॅरेज साधारण वर्षभर पार्ट आणि मजुरी दोन्हींची हमी देतं. दुकानातल्या पार्टवर ‘आजीवन वॉरंटी’ लिहिलेलं असतं, पण कोर पुन्हा गळला तर फुकट मिळतो फक्त कोर. डॅशबोर्ड पुन्हा तुम्हीच काढायचा. म्हणून स्वतः करणाऱ्याने पार्टवर काटकसर करू नये. आणि डॅशबोर्ड बंद करण्याआधी कूलंट भरून, शक्य असेल तिथे इंजिन चालवून गळती तपासावी. जुना कोर का सडला हेही बघा: व्होल्टमीटरचं एक टोक बॅटरीच्या ऋण टोकाला आणि दुसरं कूलंटमध्ये धरा. ०.४ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर कूलंट बदला, अर्थिंग तपासा, नाहीतर नवा कोरही तसाच जाईल.

काही ठिकाणी मात्र धाडस नको. एअरबॅगला हात लावण्याआधी बॅटरी सोडवून मॅन्युअलमध्ये दिलेला वेळ थांबा. स्टिअरिंग कॉलम सोडवताना चाक सरळ ठेवून लॉक करा, नाहीतर एअरबॅगची वायर गुंडाळलेली क्लॉक-स्प्रिंग तुटते. सांडलेलं कूलंट लगेच पुसा. ते गोड लागतं म्हणून कुत्री-मांजरं चाटतात आणि दगावतात.

रामसारख्या गाडीसाठी मला मधला मार्ग सगळ्यात शहाणा वाटतो. एसीचा गॅस गॅरेजमध्ये काढून घ्या, एसी लाइनची उघडी टोकं बंद ठेवून डॅशबोर्ड-कोरचं काम घरी करा, आणि गॅस पुन्हा गॅरेजमध्येच भरा. दर जास्त असणाऱ्या शहरात यात बरीचशी मजुरी वाचते.

दोन्ही होज एकमेकांना जोडून कोरला वळसा घालायचा, हा दहा डॉलरचा उपायही आहे. पुण्या-नाशकात कुणी म्हणेल, ‘कशाला हवाय हीटर?’ पण इथे काच साफ ठेवणारा डीफ्रॉस्टर याच गरम हवेवर चालतो. उन्हाळ्यापुरतं ठीक, बर्फात नाही.

गॅरेजच ठरवलंत तर फोनवर तीन गोष्टी विचारा: बुक टाइम किती, एसीचा गॅस आणि कूलंट त्यात धरलंय का, आणि इव्हॅपोरेटर त्याच वेळी बदलला तर किती वाढेल. डबा उघडलेलाच असल्याने त्याची वेगळी मजुरी फारशी लागू नये. आपण आणलेला पार्ट बसवायची घासाघीस मात्र करू नका. बसवून दिला तरी त्यावर मजुरीची हमी सहसा मिळत नाही.