स्थळप्रती टॉसच्या आधी ताब्यात घ्या

आमच्या वस्तीतल्या अभ्यासिकेचं छप्पर गळत होतं. पत्रे बदलायला पैसे हवे होते, म्हणून २०२३ च्या वर्ल्ड कप फायनलवर आम्ही कुपनं काढली. मी खजिनदार होते. त्यात आम्ही कसे फसलो ते लिहितेय, कारण मॅचवरची अशी कुपनं आता इतर मंडळांतही निघताना दिसतात.

शंभर कुपनं, प्रत्येकी ३०० रुपये. प्रत्येक कुपनावर दोन आकडे, भारताच्या धावसंख्येचा शेवटचा आणि ऑस्ट्रेलियाच्या धावसंख्येचा शेवटचा. कुपन फाडून दिल्यावर आपल्याकडे उरणारा तुकडा म्हणजे स्थळप्रत, तिच्यावर घेणाऱ्याचं नाव लिहायचं. दोन्ही जुळतील त्याला १०,००० रुपये, बाकीचे पत्र्यांना. ही कल्पना आणणारा माणूस आमच्या एका कार्यकर्त्याच्या ओळखीचा. छपाई त्यानेच स्वस्तात करून दिली, चाळीस कुपनं विकायलाही घेतली. मी परवानगीचं विचारलं तर म्हणाला, "ताई, आपल्याच लोकांत आहे, कशाला परवानगी?" मी पुढे बोलले नाही. तिथे बोलायला हवं होतं.

१९ नोव्हेंबरला भारत २४० वर सर्वबाद झाला. त्या क्षणी शंभरातली नव्वद कुपनं बाद झाली, दहाच उरली. रात्री हेड १३७ वर बाद झाला तेव्हा ऑस्ट्रेलिया २३९ वर होती. मॅक्सवेलने आल्या आल्या दोन धावा काढल्या आणि मॅच २४१ वर संपली. म्हणजे शून्य-एक.

चाळीस कुपनांच्या स्थळप्रती अजून त्याच्याकडेच होत्या. "मॅच बघून झाली की हिशेब देतो," असं तो आधीच म्हणाला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी आला. सव्वीस विकली, चौदा राहिली, असं सांगून ७,८०० रुपये मोजून दिले. विकलेल्यांत शून्य-एक होतं, स्थळप्रतीवर त्याच्या मित्राचं नाव. मित्र सोबतच होता. कुपन हरवलंय म्हणाला, पण नाव तर लिहिलेलं आहे ना! आम्ही हार घालून, फोटो काढून १०,००० रुपये दिले.

दुपारी इस्त्रीवाल्या काकू आल्या. मोबाइलच्या कव्हरमागे चारपदरी घडी घालून ठेवलेलं कुपन त्यांनी उलगडलं. शून्य-एक. नंबर तोच, आमच्या मंडळाचा शिक्काही तोच. मी स्थळप्रत काढून शेजारी ठेवली. फाटलेली कड कडेला तंतोतंत बसली. मग शाईकडे लक्ष गेलं. त्याने आणलेल्या बाकी सगळ्या स्थळप्रती निळ्या बॉलपेनने भरलेल्या, ही एकच काळ्या जेलपेनने.

खेळ एवढाच होता. कुपन विकायचं, पैसे घ्यायचे, पण काही स्थळप्रती कोऱ्या ठेवायच्या. निकाल लागल्यावर त्या कोऱ्यांत जिंकणारा नंबर सापडला तर आपल्या माणसाचं नाव घालायचं, उरलेल्या "विकल्या नाहीत" म्हणून परत द्यायच्या. चौकशी केली तेव्हा त्या चौदांतली नऊ कुपनं लोकांच्या हातात निघाली.

पोलीस ठाण्यात साहेबांनी पहिलाच प्रश्न विचारला, "परवानगी कुठाय?" सरकारच्या मंजुरीशिवाय सोडत काढणं हा गुन्हा आहे. तेव्हा भारतीय दंड संहितेचं कलम २९४अ होतं, आता भारतीय न्याय संहितेचं २९७. शिवाय पैसे मॅचवर लागलेले, त्यामुळे १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदाही आहेच. फसवणूक झाल्याचं सांगायचं तर आधी आपणच काय केलं ते लिहून द्यावं लागणार होतं. आमच्यातले दोघे सरकारी नोकरीत. आम्ही तक्रार न देता परत आलो. आम्ही असेच परत येऊ, हे त्या माणसाला पहिल्या दिवसापासून माहीत होतं असं मला ठाम वाटतं. "कशाला परवानगी" हे त्याचं म्हणणं निष्काळजीपणाचं नव्हतं, ती त्याची सोय होती.

त्यामुळे माझं पहिलं सांगणं हेच, की मॅचच्या आकड्यावर बक्षीस लावूच नका. वर्गणी काढा, छापील पावती द्या. संस्था नोंदणीकृत नसेल तर धर्मादाय आयुक्तांकडून महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ४१क ची परवानगी आधी घ्या. मंजुरी असलेली सोडत असली, तरी मूळ कुपन हातात आल्याशिवाय बक्षीस देऊ नका, मग मागणारा कितीही ओळखीचा असो. विकणाऱ्याच्या हातात स्थळप्रती निकालापर्यंत ठेवू नका. न विकलेली कुपनं आधीच सगळ्यांसमोर रेघ मारून रद्द करा. छपाई करणारा आणि विकणारा एकच माणूस नको.

काकूंना आम्ही सात जणांनी वर्गणी काढून १०,००० रुपये दिले. त्यांनी त्यातले ५०० पत्र्यांसाठी म्हणून परत माझ्या हातात ठेवले. त्यांची पावती मी रीतसर फाडली, स्थळप्रत त्यांच्यासमोरच भरली.